विश्लेषण : झोपेत श्वास अडतो, उपाय आहे… मग ‘सी-पॅप’ कपाटात का पडून राहते?

संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेले कारण अनेकांनी प्रथमच ऐकले : ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग बंद होतो, ऑक्सिजन घटतो आणि मेंदू झोपमोड करून श्वास पुन्हा सुरू करतो. तासाला ३० किंवा त्याहून अधिक वेळा असे घडल्यास आजार तीव्र मानतात. रुग्णाला सकाळी यातले काहीच आठवत नाही. घोरणे मध्येच थांबल्याचे घरच्यांनाच कळते.

‘सी-पॅप’ नेमके काय करते?

हे ऑक्सिजनचे यंत्र नव्हे, हा गैरसमज फार आहे. ते खोलीतलीच हवा ओढून नळी आणि मास्कमधून सतत दाबाने देते आणि त्या दाबामुळे घसा मिटत नाही. दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका. पेल्यातल्या पाण्यात १० सेंटिमीटर खोल स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढायला लागतो तेवढाच जोर! ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी पाच रुग्णांवरील हा उपचार १९८१ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये मांडला.

अडचण कुठे?

मास्कपाशी. आधीच हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ रुग्णांवरील ‘सेव्ह’ या अभ्यासात (२०१६) सी-पॅपमुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात कमी झाल्याचे दिसले नाही. पण यंत्राचा सरासरी वापर होता रात्री जेमतेम ३.३ तास. म्हणजे निम्मी रात्र उपचाराविनाच! तरीही दिवसाची पेंग कमी झाली, मनःस्थिती सुधारली. त्यामुळे यंत्रालाच निरुपयोगी ठरवणे घाईचे होईल.

मास्क सोडण्याची बरीच कारणे दूर करता येतात. हवा गळून डोळ्यांवर येत असेल तर मास्कचे माप बदलावे. नाक कोरडे पडत असेल तर ह्युमिडिफायर लावावा. तोंड उघडे राहत असेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क मिळतो. सुरुवातीचा दाब नकोसा वाटल्यास ‘रॅम्प’ सुविधेने तो हळूहळू वाढवता येतो. किती तास वापर झाला, हवा किती गळली, श्वास किती वेळा अडला याची नोंद बहुतेक नवी यंत्रे ठेवतात. ती डॉक्टरांना दाखवावी. निद्रा-चाचणीविना ऑनलाइन यंत्र मागवून दाब स्वतःच ठरवणे मात्र टाळावे. वजन बरेच घटल्यास चाचणी पुन्हा करून घ्यावी, पण यंत्र परस्पर बंद करू नये. ते थांबवले की काही रात्रींतच श्वास पुन्हा अडू लागतो.