वाई : सायकल काढा, पण पसरणीकडे नको

पसरणी घाटाचा रस्ता महाबळेश्वरच्या गाड्यांना सोडून द्यावा आणि सायकल पश्चिमेला, धोमच्या दिशेला वळवावी. १७६२ साली सरदार रास्त्यांनी बांधलेल्या, वाईतल्या ढोल्या गणपतीच्या देवळापासून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. दोन्ही बाजूंना ऊस आणि हळद. तिथला नाना फडणवीसांचा वाडा आतून पाहा, पण नदीच्या घाटावर जास्त वेळ काढा. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज चर्चची घंटा इथल्या छोट्या देवळात टांगलेली आहे. जवळ गेलात, तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसेल.

पुढे धोम. नरसिंहाच्या देवळाजवळ कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात, कासवाच्या पाठीवर नंदी बसला आहे. कुंड भरलेलं असलं की तो पाण्यावर तरंगल्यासारखा वाटतो. एवढ्यासाठीसुद्धा पावसाळ्यानंतर यावं.

पायांत दम असेल, तर धोमच्या जलाशयाच्या काठाने बलकवडीकडे, जोर खोऱ्यात शिरा. इथे वाहनं तुरळक, चढउतार मात्र भरपूर. पंक्चरचं सामान आणि पाणी वाईतूनच घ्या. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवतात, म्हणून पहाटेच निघा.