चाचांना घरी कोण आणणार?

आमच्या अंथुर्ण्यातल्या एका चाचांनी चाळीस वर्षे असरची नमाज मशिदीत अदा केली. गेल्या वर्षी एके दिवशी नमाज आटोपून बाहेर पडले आणि घराऐवजी कालव्याच्या वाटेला लागले. उसाला पाणी द्यायला निघालेल्या एका शेतकऱ्याने ओळखले आणि मोटारसायकलवर बसवून घरी आणले. घरचे एवढेच म्हणाले, "कुणाला सांगू नका." दुसऱ्या दिवसापासून चाचांचे मशिदीत येणे बंद झाले.

चाचांना स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया आहे. हे वेड नव्हे, बाहेरची बाधा नव्हे, म्हातारपणाचा हट्टही नव्हे. हा मेंदूचा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना तो आहे. चष्मा कुठे ठेवला हे आपणही विसरतो. पण चष्मा कशासाठी असतो हेच कळेनासे झाले, रोजची वाट चुकू लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. बी-१२ किंवा थायरॉईडच्या कमतरतेमुळे आलेला विसर उपचाराने कमी होऊ शकतो.

आजार लपवला की सारे ओझे घरातल्या सुनेवर किंवा मुलीवर पडते. गोव्यात डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थोडे प्रशिक्षण दिलेली साधी माणसे अशा घरांत पाठवली. त्यांनी आजार समजावला, कसे वागावे ते सांगितले. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले.

आपल्याला हे जमणार नाही का? तुकोबांची पालखी अंथुर्ण्यात येते तेव्हा चुकलेल्या वारकऱ्यासाठी लाऊडस्पीकरवर पुकारा होतो, कुणी त्याला पाणी देतो, कुणी दिंडीपर्यंत पोहोचवतो. तीच माणुसकी वर्षभर हवी.

करायचे फार नाही. दुकानदार, रिक्षावाले आणि मुअज्जिन यांना त्या घराचा फोन नंबर माहीत असावा. खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी असावी. चाचांनी तीच गोष्ट पाचव्यांदा विचारली तरी पाचव्यांदा शांतपणे उत्तर द्यावे. "आत्ताच सांगितलं ना" म्हणू नये. रकात चुकली म्हणून सफेत टोकू नये. ज्याची समजच गेली, त्याच्यावर नमाजची जबाबदारी उरत नाही, असे उलेमा सांगतात. मग आपण कशाला रागवायचे? शेजारणीने आठवड्यातून दोन तास चाचांजवळ बसावे, म्हणजे सुनेला माहेरी किंवा दवाखान्यात जाता येईल. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही मोफत हेल्पलाईनही आहे.

आई-वडिलांना 'उफ्'सुद्धा म्हणू नये, हे आपण मुलांना शिकवतो. ज्यांची मुले कामाला बाहेर आहेत, त्यांच्यासाठी ही शिकवण शेजाऱ्यांनी पाळायची.

चाचांच्या सुनेशी मी बोलले. आता माझ्या वर्गातला एक मुलगा त्यांना असरला नेतो आणि परत आणतो. चाचा त्याला रोज नाव विचारतात. तो रोज सांगतो.