जुन्या ट्रकमधील रेडिओ : दुरुस्त करावा की बदलावा?



ऊस वाहतुकीच्या जुन्या गाड्या आपल्या युसूफ वडगाव भागातील काही सभासदांनी अजून जपून ठेवल्या आहेत. टेल्को व जर्मनीची डेमलर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा चालला. त्या जातीचा ट्रक अंगणात असला की घरची पोरे म्हणतात, "यातला रेडिओ वाजला पाहिजे." हौस चांगली आहे. मात्र चुकीची वायर जोडल्याने गाडी बंद पडते, प्रसंगी पेटतेही. वर पाचटासह उसाची खेप असली तर नुकसान किती, हे सांगणे नको. म्हणून चार गोष्टी सांगत आहोत.

आधी स्टेशन पाहा

जुन्या सेटवर बहुधा मध्यम लहर असते, काहींवर लघुलहरही असते. एफ.एम. नसते. पूर्वी आपल्याकडे परभणी केंद्र मध्यम लहरीवर १३०५ किलोहर्ट्झला ऐकले जाई. अलीकडच्या वर्षांत आकाशवाणीने मध्यम लहरीची अनेक प्रक्षेपण यंत्रे बंद केली आहेत. बीड केंद्र एफ.एम.वर, १०२.९ मेगाहर्ट्झला आहे. तेव्हा पैसे घालण्यापूर्वी मध्यम लहरीचा एखादा चालू ट्रान्झिस्टर गाडीपाशी नेऊन दिवसा व रात्री लावून पाहावा. त्यावर काहीच लागत नसेल, तर जुना सेट दुरुस्त होऊनही मुकाच राहील.

दोष बहुधा सेटच्या बाहेर असतो

१. बॅटरी : मीटर लावून व्होल्ट मोजावेत. काही गाड्या १२ व्होल्टच्या, तर काहींत दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात. १२ व्होल्टचा सेट २४ वर लावला की जळालाच समजा. काही जण दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर घेतात. तसे मुळीच करू नये. एक बॅटरी कमी चार्ज राहते, दुसरी जादा होते व दोन्ही लवकर जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवावा.

२. अर्थिंग : बऱ्याच जुन्या विलायती गाड्यांत बॅटरीचे प्लस टोक चॅसीला असे. सेट कोणत्या पद्धतीचा आहे हे पाहिल्याशिवाय जोडू नये. अर्थिंगच्या जागेचा गंज व रंग खरवडून काढावा.

३. स्पीकर : वायर सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. 'खट्' वाजले तर कॉइल शाबूत आहे. नवा स्पीकर घ्यायचा तर जुन्याइतक्याच ओहमचा घ्यावा.

४. एरियल : एरियलच्या आतली तार बॉडीला टेकत असेल तर स्टेशन येत नाही.

इंजिन चालू केल्यावरच 'घूं' आवाज येत असेल व वेग वाढविल्यावर तो चढत असेल, तर दोष डायनामोकडचा. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसल्याने ती खरखर नसते. डायनामोच्या मुख्य टर्मिनलला कंडेन्सर लावून घ्यावा; फील्डच्या टर्मिनलला लावू नये.

एवढे करून सेट वाजला नाही तरच तो उघडावा. जुने कंडेन्सर आतून सुकतात, आवाजाचे बटण मळते, काट्याचा दोरा तुटतो. ही दुरुस्ती जाणत्या कारागिराकडून होते. व्हॉल्व्हचा सेट मात्र घरी उघडू नये. त्यात बॅटरीचे व्होल्ट वाढवून दोनशेच्या आसपास नेलेले असतात. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये झटका शिल्लक असतो.

बदलायचा ठरल्यास

डॅशबोर्ड कापू नये. एकदा कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही. जुन्या सेटची पेटी, बटणे व काच तशीच ठेवून आत एफ.एम.ची नवी पाटी बसविता येते. किंवा नवा सेट सीटखाली लपवावा व जुना जागेवरच शोभेला ठेवावा. दोन्ही प्रकारांत बॅटरीजवळ फ्यूज हवाच, तोही सेटवर लिहिलेल्या अँपिअरचा. फ्यूज उडाला म्हणून तार गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण. पत्र्यातून वायर जाते तेथे रबरी बुश घालावा.

ऊस आणि रेडिओ

शेतकी खात्याचा माणूस रेडिओचे का सांगतो, असे कोणी म्हणेल. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळला गेला पाहिजे. उशीर होईल तसे वजन घटते, साखर उतरते. ड्रायव्हर गाडीअड्ड्यावर रात्रभर नंबरला थांबतो, सेट चालू राहतो आणि पहाटे बॅटरी बसते. एक गाडी अडली की मागच्यांचाही खोळंबा होतो. म्हणून सेटची मुख्य वायर चावीवरून घ्यावी. आवाजही बेताचा असावा. मागच्या गाडीचा हॉर्न व टोळीतल्या माणसाची हाक ड्रायव्हरला ऐकू आलीच पाहिजे. हंगामात बैलगाड्या व पायी चालणारी माणसे त्याच रस्त्यावर असतात.

थोडक्यात, मध्यम लहर लागत असेल तर जुना सेट दुरुस्त करावा. लागत नसेल तर पेटी जपून आतले बदलावे. गाडी गाळप हंगामात चालवायची असेल, तर खेपा सुरू होण्यापूर्वी वायरिंग एकदा जाणकाराकडून तपासून घ्यावे, ही सर्व वाहनधारक सभासदांना विनंती.

— ऊस विकास अधिकारी