संजाण बंदरावर एक दिवस: फुकट होडी, फुकट जेवण

लोकलमध्ये रेंज गेली म्हणून ज्यांचा हा भाग अर्धवट ऐकून झाला असेल, त्यांच्यासाठी तो इथे लिहून काढलाय. बोलताना घातलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' मात्र काढून टाकलेत.

सुरुवात माझ्या मामेभावापासून करतो. तो मर्चंट नेव्हीत आहे, घरात आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. मागच्या सुट्टीत डहाणूला आला तेव्हा आजीने विचारलं, "एवढे देश फिरलास रे, काय काय बघितलंस?" दादा म्हणाला, "आजी, क्रेन बघितल्या." आम्ही हसलो. तो हसला नाही.

कारण कंटेनर जहाज आता बंदरात जेमतेम एक दिवस थांबतं, बऱ्याचदा त्याहूनही कमी. त्यात ड्युटी असते, कागदपत्रं असतात, आणि टर्मिनलपासून शहर लांब. २००६ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन. त्यानुसार खलाशाला किनाऱ्यावर उतरायची रजा मिळायला हवी. पण रजा मिळाली तरी गेटच्या बाहेर पडून, टॅक्सी करून, वेळेत परत येणं हा वेगळाच हिशोब. दादाच्या पासपोर्टवर बंदरांचे शिक्के भरपूर आहेत. त्या गावांमध्ये बसून त्याने जेवण केलंय असं फार कमी वेळा झालंय.

ते ऐकल्यावर माझ्या डोक्यात एक किडा शिरला. जुन्या काळी आपल्या बाजूच्या बंदरात एखादा खलाशी उतरला असता, तर त्याला दिवसभर काय मिळालं असतं? आणि गंमत म्हणजे याचं उत्तर आपल्याच तालुक्यात, चिंचणीत, जमिनीखाली पडलं होतं.

१९५०च्या दशकात चिंचणीला काही ताम्रपट सापडले. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला सरकारी आदेश. आजच्या भाषेत जीआर, फक्त हा डिलीट होत नाही. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा. राजा राष्ट्रकूट घराण्यातला तिसरा इंद्र. आणि आदेशातला प्रदेश 'संयान', म्हणजे आजचं संजाण. वारोली नदीच्या खाडीवरचं बंदर. डहाणू रोडवरून गाडी पकडली की घोलवड, बोर्डी रोड, उंबरगाव आणि मग संजाण, जेमतेम २५ किलोमीटर. आज ते गुजरातेत आहे, पण नदीला हद्द कुठे कळते! तलासरीतलं कुर्झे धरण याच वारोलीवर आहे.

आता खरी गोष्ट ऐका. या संयानाचा कारभारी कोण होता? ताम्रपटात त्याचं नाव आहे मधुमती, दुसरं नाव सुगतिप, जमात ताजिक, वडिलांचं नाव सहियारहार. संस्कृतातून उलगडलं की अभ्यासक ते मुहम्मद आणि शहरयार असं वाचतात. म्हणजे दख्खनच्या हिंदू राजाने बंदर चालवायला समुद्रापलीकडच्या मुळाचा मुसलमान अधिकारी नेमलेला. त्याच्या परवानगीने अन्नैय नावाच्या एका ब्राह्मणाने तिथे देवीची मठिका बांधली, आणि तिच्या खर्चासाठी एक गाव आणि दुसरीकडे थोडी जमीन लावून दिली गेली. हा सगळा व्यवहार एकाच पत्र्यावर. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा स्क्रोल करून वर गेलो.

त्याच पत्र्यात सुगतिपाच्या दोन कामांचं कौतुक आहे. एक, दोन प्रवाहांवर फुकट होडी. आपल्याकडे जुनी माणसं खाडी ओलांडायच्या होडीला 'तर' म्हणतात, ती. दोन, एक अन्नछत्र, जिथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट. मेन्यू कोरलेला आहे, मंडळी! सरकारी आदेशात तूप!

आता तो दिवस जुळवून बघू. हे करताना मी चीटिंग करतोय हे आधीच सांगतो. दोनशे वर्षांतले वेगवेगळे लॉग मी एका दिवसात मर्ज करतोय. सकाळी भरतीबरोबर जहाज खाडीत शिरतं, कारण ओहोटीला आत येणं कठीण. उतरलेल्या माणसाला पलीकडच्या काठावर जायचंय, तर होडीला पैसे नाहीत. शुक्रवार असेल तर नमाजाला मशीद आहे. अरब लेखक बलाधुरी नवव्या शतकात 'सिंदान'बद्दल लिहितो. अनेक अभ्यासकांच्या मते सिंदान म्हणजे संजाण. तो सांगतो की स्थानिकांनी शहर परत घेतल्यावरही तिथली मशीद मुसलमानांसाठी राहू दिली. दुपारी भात, कालवण, तूप. आणि संध्याकाळी पाय दुखत असतील तर? चिंचणीच्याच आणखी एका ताम्रपटात, शके ९५६ म्हणजे इ.स. १०३४ मध्ये, देवीच्या मठिकेला एक तेलाचा घाणा दान दिलाय. तेल कशासाठी? देवीपुढच्या दिव्यासाठी, आणि मठात येणाऱ्या विद्वानांच्या पायांना लावण्यासाठी. खलाशाला ते मिळालं असतं का, तर बहुधा नाही. पण थकलेल्या पायांचा विचार करून कुणीतरी बजेट टाकलं होतं.

मी स्वतः गेलो तो एक साधा रविवार होता. संजाण म्हटलं की बहुतेकांना पारशी समाजाची आठवण होते, आणि ते बरोबरच आहे. १९२० मध्ये पूर्ण झालेला संजाण स्तंभ त्यांच्या आगमनाच्या आठवणीचा आहे. दुधात साखरेची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. ती 'किस्सा-ए-संजाण' या १५९९ च्या फारसी काव्यातली आहे असं फॉरवर्डमध्ये फिरतं, पण त्यात ती नाही, ती तोंडी परंपरेतली आहे. किस्स्यात मात्र हे आहे की संजाण पडल्यावर पवित्र अग्नी बाहरोटच्या डोंगरात १२ वर्षं जपला गेला. बाहरोट म्हणजे आपल्याच डहाणू तालुक्यातला.

स्तंभ बघून मी खाडीकडे गेलो. २००२ ते २००४ मध्ये संजाणला उत्खनन झालं, तेव्हा पश्चिम आशियातली निळसर चकाकीची भांडी, चिनी मातीचे तुकडे, काच, जुना दोखमा असं बरंच निघालं. आता तिथे बघायला फार काही नाही हे खरं सांगतो. ओहोटी होती. चिखल, तिवरं, एक बगळा. बंदराचा बोर्ड शोधत मी अर्धा तास घालवला. काठाचा बराच भाग पाण्याने खाल्लाय. भूक लागली म्हणून स्टेशनजवळ थाळी मागवली. तूप एक्स्ट्रा.

हे सगळं आत्ता का सांगतोय? ज्या चिंचणीत ते पत्रे सापडले, तिथून काही किलोमीटरवर वाढवण बंदर येतंय. ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली, खर्च ७६,२२० कोटी, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. आमच्या घरात यावर एकमत नाही. मामा मासेमारीतला, त्याला वाटतं जाळं टाकायची जागाच जाणार. दादाला वाटतं घराजवळ नोकरी मिळेल. मी दोघांच्या मध्ये बसून जेवतो. बंदराची माहितीपत्रकं मी वाचली, त्यात खोली, क्षमता, रस्ता, रेल्वे सगळं आहे. उतरलेल्या माणसाचं काय, आणि काठावरच्या माणसाची होडी कुठे लागणार, या दोन ओळी मी शोधत होतो. इ.स. ९२६ च्या पत्र्यावर जागा किती कमी असेल, तरी अन्न आणि होडी तिथे मावली होती.

दादा आता परत जहाजावर आहे. त्याला मी ताम्रपटाचा फोटो आणि ही सगळी स्टोरी व्हॉट्सॲप केली. चार दिवसांनी, त्याला नेट मिळाल्यावर, उत्तर आलं: "कालवण कसलं होतं ते लिहिलंय का?"

नाही रे दादा. तेवढं नाही लिहिलेलं.