अपुरी निद्रा आणि क्रीडाकामगिरी : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात

खेळाडूच्या कामगिरीचा विचार करताना सराव व आहार यांची चर्चा विपुल होते. निद्रेची मात्र क्वचितच होते. लातूर जिल्ह्याला कुस्तीची परंपरा आहे. १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी ठरलेले हरिश्चंद्र बिराजदार हे निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे. तालमीच्या रूढ दिनक्रमात पहिलवान पहाटे उठून जोर-बैठका काढतो, हे सर्वांस ठाऊक असते. तो दुपारी जेवणानंतर झोपतो आणि रात्री लवकर अंथरुणाला पाठ टेकतो, याकडे मात्र दुर्लक्ष होते.

आजच्या महाविद्यालयीन खेळाडूने या दिनक्रमातील पहाट तेवढी उचलली. दुपार तासिका व शिकवणी वर्गांना गेली, रात्र अभ्यासाला आणि मोबाईलला. बारा वाजता झोपून साडेचारला उठणाऱ्या विद्यार्थ्याला जेमतेम साडेचार तास मिळतात. या वयात आठ तासांची गरज असते.

शरीराची झीज भरून काढण्यास साहाय्य करणारे वृद्धिसंप्रेरक प्रामुख्याने गाढ निद्रेत स्रवते. एका रात्रीच्या जागरणाने कमाल ताकद फारशी घटत नाही, आणि येथेच प्रशिक्षकाची फसगत होते. वजन उचलले जाते, म्हणून खेळाडू ताजातवाना आहे असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात फटका बसतो तो दमसास, अचूकता व प्रतिक्रियेचा वेग यांना. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पाय धरण्याची संधी क्षणभराचीच असते. तो क्षण हुकतो. इंग्लंडमधील लॉफबरो विद्यापीठाच्या २०१३ मधील अभ्यासात पाच तासांच्या झोपेनंतर टेनिसपटूंच्या सर्व्हिसची अचूकता लक्षणीय घटली आणि कॅफिननेही ती सावरली नाही. सरावापूर्वीच्या कडक चहावर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

याउलट, लिव्हरपूल येथील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तालमीच्या बाजूने साक्ष देतो. रात्री चारच तास झोपलेल्यांना दुपारी अर्धा तास झोपू दिले असता त्यांची सावधानता वाढली व वीस मीटर धावण्याचा वेळ सुधारला. अर्थात ही डुलकी रात्रीच्या झोपेला पर्याय नव्हे. २०१४ मधील एका अमेरिकी अभ्यासात आठ तासांहून कमी झोपणाऱ्या किशोरवयीन खेळाडूंमध्ये दुखापतीची शक्यता १.७ पट आढळली.

मराठवाड्यात उन्हाळ्याची भर पडते. झोप लागण्यासाठी शरीराचे आंतरिक तापमान किंचित उतरावे लागते. एप्रिल-मे मध्ये नांदेड-लातूरला पारा चाळिशीपलीकडे जातो आणि पत्र्याच्या खोलीत मध्यरात्रीपर्यंत उकाडा हटत नाही. अशा दिवसांत पहाटेचा सराव उन्हापासून वाचवतो, पण तो झोपेच्या मोबदल्यात होतो. त्यामुळे पहाट ठेवायचीच असेल, तर वेळापत्रकात दुपारचा एक तास रिकामा ठेवणे आणि वसतिगृहातील दिवे वेळेवर मालवणे क्रमप्राप्त ठरते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी रात्रभर एस.टी.ने प्रवास करून सकाळी थेट मैदानावर उतरण्यापेक्षा संघाने आदल्या सायंकाळी मुक्कामी पोहोचावे. त्याचा खर्च क्रीडा विभागाच्या अंदाजपत्रकात आधीच धरता येतो.