कपॅसिटर वजन करून घ्यावा

सूत घेताना आम्ही काउंट पाहतो, कापड घेताना पन्हा आणि वजन पाहतो. कारखान्यातला कपॅसिटर मात्र नुसता भाव विचारून घेतो. आमच्या लूमवर याची किंमत आम्ही मोजली आहे, म्हणून हे चार शब्द.

डब्यावर ५ केव्हीएआर, ४४० व्होल्ट असे छापलेले होते. दुकानदाराने मीटर लावून मायक्रोफॅरड मोजून दाखवले. "सेठ, आकडा बघून घ्या," म्हणाला. आकडा बरोबर होता. दुसऱ्या उन्हाळ्यात डबा फुगला. मेन स्विच पाडून वायरमनने तारा सोडवायला हात घातला, तर असा झटका बसला की गडी मागच्या भिंतीवर आदळला. जीव वाचला, पण दोन दिवस हात बधिर होता. स्विच बंद, मग वीज आली कोठून, हा प्रश्न आम्हाला सुटेना.

कपॅसिटर म्हणजे धातूचे दोन पत्रे आणि मध्ये वीज न वाहू देणारा पडदा. या पडद्याला डायइलेक्ट्रिक म्हणतात. पूर्वी तो तेलात भिजवलेल्या कागदाचा असे. आता पॉलिप्रॉपिलीनची फिल्म असते, तीही ६-७ मायक्रॉन जाडीची. माणसाचा केस याच्या दसपट जाड. फिल्मवर जस्त किंवा ॲल्युमिनियमचा मुलामा देऊन ती ताग्यासारखी गुंडाळतात. मोटारला चुंबकत्वासाठी जो जादा करंट लागतो तो हा डबा जवळूनच पुरवतो, म्हणून पॉवर फॅक्टर सुधारतो.

आता मर्यादेची गोष्ट. पडदा पातळ केला की तेवढ्याच क्षेत्रफळात मायक्रोफॅरड वाढतात. पण पातळ पडदा कमी दाबाला फाटतो. दोन्ही गोष्टी एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून जास्तीत जास्त किती चार्ज मावेल हे जाडीवर नव्हे, तर फिल्मच्या क्षेत्रफळावर आणि जातीवर ठरते. आणि किती ऊर्जा मावेल हे एकूण किती फिल्म घातली यावर. यात हातचलाखी चालत नाही.

चालते ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे. कारागिराने फिल्म निम्म्या जाडीची घेतली, तर तेवढेच मायक्रोफॅरड निम्म्या क्षेत्रफळात मिळतात. म्हणजे माल लागला चौथा हिस्सा. मीटरवर आकडा तोच, पण दाब सहन करण्याची ताकद निम्मी आणि ऊर्जेची मर्यादा चौथाई. असा डबा पहिल्या दिवशी फुटत नाही, कारण चांगल्या मालात बरीच सवड राखलेली असते. चोराने ती सवडच विकून खाल्लेली असते. मग रात्री आजूबाजूचे लूम बंद झाले, दाब चढला, वर पत्र्याची गरमी, की फिल्मला भोके पडू लागतात. भोकाभोवतीचा मुलामा जळून जागा आपोआप मोकळी होते आणि डबा चालू राहतो, पण दर वेळी थोडा घटतो.

झटक्याचा हिशेबही आम्ही नंतर मांडला. ५ केव्हीएआरच्या डब्यात दर फेजला सुमारे २७ मायक्रोफॅरड असतात. ४४० व्होल्टच्या लाटेचा माथा ६२२ व्होल्ट. चार्ज ०.०१७ कूलंब आणि ऊर्जा, म्हणजे मायक्रोफॅरडचा निम्मा गुणिले व्होल्टचा वर्ग, सुमारे ५ जूल. एक किलो वजन अर्धा मीटर उचलावे एवढीच. घड्याळाच्या पेन्सिल सेलमध्ये याहून हजारपट जास्त ऊर्जा असते, पण ती सावकाश निघते. कपॅसिटर सगळी एका क्षणात टाकतो, माणूस मध्ये असला तर माणसातून. ती उतरवण्यासाठी टर्मिनलवर रेझिस्टर बसवलेले असतात. आमच्या डब्यात एक तुटलेला होता. तेव्हापासून आमच्याकडे स्विच पाडल्यावर पाच मिनिटे थांबायचे, टेस्टरवर न विसंबता व्होल्टमीटर लावायचा, मगच हात घालायचा.

खरेदीला जाताना आता आम्ही एकाच रेटिंगचे, एकाच जातीचे दोन-तीन डबे हातात घेऊन तोलतो. फार हलका आणि लहान असेल तर ठेवून देतो. अर्थात राळ ओतून वजन वाढवणारेही आहेत, तेव्हा आय. एस. १३३४० चा शिक्का आणि पक्के बिल हवेच. दाब चढत असेल तेथे ४८० व्होल्टचा डबा बरा. मात्र ४१५ व्होल्टवर ५ चा डबा पावणेचारच देतो, हे धरून एक पायरी मोठा घ्यावा.

बसवल्यावर क्लॅम्प मीटरने तिन्ही तारांचा करंट पाहावा. ४४० व्होल्टचा ५ केव्हीएआर डबा ४१५ वर सुमारे ६.२ अँपिअर घेतो. आम्ही हा आकडा दर तीन महिन्यांनी भिंतीवर खडूने लिहितो. मागच्या खेपेस एका डब्याची एक तार ५ वर आली होती. तो त्याच दिवशी उतरवला.