नादसृष्टीचा नवा मुलूख : लेखांक ६ : तेरा क्रमांकाची खोली

गेल्या दोन लेखांकांत आपण पॅरिस आणि कोलोन येथील दोन संप्रदायांचा परिचय करून घेतला. पिएर शेफर यांनी १९४८ साली पॅरिसच्या नभोवाणीवर आगगाडीच्या इंजिनांचा व रुळांवरील खडखडाटाचा ध्वनी मुद्रित करून त्याचीच रचना बांधली. आणि पुढे काही वर्षांतच कोलोनच्या नभोवाणीत, बाहेरच्या जगातला आवाज वर्ज्य मानून, केवळ विद्युत्-आंदोलनांपासून संगीत घडविण्याचा आग्रह धरला गेला. दोन्हीकडे तात्त्विक खंडनमंडन विपुल झाले. आज ज्या तिसऱ्या ठिकाणी जावयाचे आहे तेथे सिद्धान्तापेक्षा वरून आलेल्या हुकमाची तामिली आणि ठरल्या मुदतीत काम हातावेगळे करण्याची घाई अधिक होती. तरीही नवख्या श्रोत्याने या मुलखात शिरावे ते याच दरवाजाने, असे माझे स्पष्ट मत आहे.

लंडनच्या मेडा व्हेल भागात, मुळात स्केटिंगच्या खेळासाठी बांधलेल्या एका लांबलचक इमारतीत, एप्रिल १९५८ मध्ये बीबीसीने ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ या नावाचे एक छोटेसे खाते उघडले आणि त्याच्या वाट्याला तेरा क्रमांकाची खोली आली. नभोनाट्यांना व पुढे दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांना लागणारे असाधारण ध्वनी पुरविणे हे या खात्याचे काम होते. आणि त्यासाठी मिळालेली यंत्रसामग्री बव्हंशी इतर खात्यांनी मोडीत काढलेली होती. येथे जे निर्माण होईल त्याला ‘संगीत’ म्हणण्याची संस्थेची तयारी नव्हती. म्हणून येथील मंडळींची गणना संगीतकारांत न होता यंत्रसाहाय्यकांत होई, आणि श्रेयनामावलीत व्यक्तीचे नाव न येता खात्याचे नाव येई.

हे खाते अस्तित्वात यावे म्हणून ज्यांनी वरिष्ठांच्या दफ्तरात चिकाटीने पाठपुरावा केला, त्यांत डॅफ्ने ओरॅम या बाईंचे नाव अग्रभागी आहे. १९४३ साली त्या बीबीसीच्या नोकरीत लागल्या होत्या, आणि १९५७ मध्ये ‘अँफिट्रिऑन ३८’ या नाटकासाठी त्यांनी संपूर्णपणे विद्युत्-ध्वनींचे पार्श्वसंगीत तयार केले होते. परंतु खात्याच्या चाकोरीत त्यांचे मन रमले नाही. १९५९ साली राजीनामा देऊन त्यांनी केंट परगण्यात स्वतःची प्रयोगशाळा थाटली आणि चित्रपटाच्या पारदर्शक फितीवर हाताने रेषा व आकृती काढून, प्रकाशाच्या साहाय्याने त्यांचे ध्वनीत रूपांतर करणारे यंत्र उभारले. स्वराची उंची, त्याचा जोर, त्याचा कंप हे सारे त्या कुंचल्याने लिहीत. ते यंत्र आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयाच्या मालकीचे आहे.

ओरॅमबाई गेल्यानंतर तीन वर्षांनी, म्हणजे १९६२ मध्ये, या खात्यात डीलिया डर्बिशायर दाखल झाल्या. कॉव्हेंट्री या औद्योगिक शहरात १९३७ साली जन्मलेल्या या बाईंनी केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत या दोन्ही विषयांचे अध्ययन केले होते. १९६३ साली बीबीसीने ‘डॉक्टर हू’ नावाची कालप्रवासाची नवी मालिका काढली, तेव्हा तिच्या शीर्षकसंगीतासाठी रॉन ग्रेनर या संगीतकारांनी एका कागदावर साधीशी चाल उतरवून दिली आणि कोठे वारा हवा, कोठे बुडबुडे, कोठे ढग, अशा काही सूचना दिल्या. त्या कागदाचा नाद करण्याची कामगिरी डर्बिशायरबाईंकडे आली.

ही कामगिरी त्यांनी कशी पार पाडली, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. त्या खोलीत स्वरपट्ट्या असलेला सिंथेसायझर नव्हता. चालीचे स्वर ऑसिलेटरमधून काढलेले, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणारी ती अंगावर काटा आणणारी मींड म्हणजे ऑसिलेटरची चकती हाताने फिरविण्याची करामत. खालचा जो ठेका मालिकेला पळवीत नेतो, तो एकाच छेडलेल्या तारेचा आवाज, फितीची गती कमीजास्त करून निरनिराळ्या उंचींवर आणलेला. फीत सेकंदाला १५ इंच या वेगाने धावत असेल, तर अर्ध्या सेकंदाचा स्वर म्हणजे साडेसात इंच फीत, हा हिशेब मनात धरून प्रत्येक स्वराचा तुकडा मोजावयाचा, पात्याने कापावयाचा आणि पुढच्या तुकड्याला चिकटवावयाचा. अशा रीतीने चालीची एक, ठेक्याची एक, फुसफुसत्या ध्वनींची एक, अशा निरनिराळ्या फिती तयार झाल्या, आणि त्या निरनिराळ्या यंत्रांवर एकदम सुरू करून त्यांचे मिश्रण करण्यात आले. मेळ बसेना, कोठे तरी एक तुकडा चुकला असावा असा संशय आला, तेव्हा सगळ्या फिती त्या इमारतीच्या लांब बोळातून शेजारी शेजारी जमिनीवर अंथरून चुकलेला जोड शोधून काढला, अशी हकिकत त्यांचे सहायक डिक मिल्स सांगत असत. तयार झालेली रचना ऐकून ग्रेनर यांना, ही आपलीच का, असा प्रश्न पडला म्हणतात. मोबदल्यात आणि श्रेयात डर्बिशायरबाईंना वाटा मिळावा, ही त्यांची इच्छा खात्याच्या नियमांपुढे टिकली नाही. मालिकेच्या श्रेयनामावलीत बाईंचे नाव प्रथम झळकले ते २०१३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी.

या बाईंची दुसरी रचना, ‘ब्लू व्हेल्स अँड गोल्डन सँड्स’, माझ्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. सहारा वाळवंटातील तुआरेग लोकांवरील एका माहितीपटासाठी ती केलेली होती. वाळवंटाची निश्चल उष्णता ध्वनीत आणावयाची, तर आघाताची तीक्ष्ण धार त्यात नको होती. त्यांनी खोलीतल्या दिव्याची हिरवी पत्र्याची छत्री घेतली, ती ठोकून तिचा नाद मुद्रित केला, आघाताचा क्षण फितीवरून कापून टाकला आणि उरलेल्या घुमाऱ्यात कोणकोणते उपस्वर आहेत याचे पृथक्करण करून तेच उपस्वर ऑसिलेटरांवर पुन्हा जुळविले. जोडीला स्वतःच्या कंठाचे कापलेले तुकडे घेतले. तंबोऱ्याच्या संगतीत वाढलेल्या आपल्या श्रोत्याला या उद्योगाचे नवल वाटण्याचे कारण नाही. मिरजेचा कारागीर घोडीवर तारेखालून सुताचा धागा केसभर सरकवून जवारी लावतो, तेव्हा तारेची उंची यत्किंचितही बदलत नाही, पण तिच्यातले दडलेले उपस्वर फुलतात आणि खर्जातून स्वयंभू गंधार बोलू लागतो. फरक इतकाच, की आपल्याकडे जवारी लावणे ही गाण्यापूर्वीची सिद्धता मानली जाते आणि वाद्य घडविणारा व गाणारा हे दोन निराळे असतात. तेरा क्रमांकाच्या खोलीत जवारी लावणे हेच गाणे होते, आणि प्रत्येक रचनेसाठी नवे वाद्य घडवून, रचना संपताच ते मोडून टाकले जात होते.

या विधानाला आधार खुद्द त्या खात्याच्याच इतिहासात सापडतो. १९७० नंतर तेथे एक अवाढव्य सिंथेसायझर आला. इमारत ज्या रस्त्यावर होती त्या रस्त्याचेच ‘डेलावेअर’ हे नाव त्याला पडले. त्यावर १९७२ मध्ये ‘डॉक्टर हू’ची तीच चाल नव्याने बांधण्यात आली. चाल तीच, खाते तेच. परंतु निर्मात्यांनी ती आवृत्ती नामंजूर करून जुनी कापाकापीची आवृत्तीच कायम ठेवली. पुढल्याच वर्षी डर्बिशायरबाईंनी नोकरी सोडली. यावरून यंत्र सुधारले म्हणून कला बिघडली, असा निष्कर्ष कोणी काढील तर तोही उतावीळपणाचा होईल. कारण १९८० साली पीटर हॉवेल यांनी सिंथेसायझरांवरच त्या चालीची नवी आवृत्ती सिद्ध केली आणि ती सन्मानाने प्रसृत झाली. हॉवेल यांनी एकेका ध्वनीची घडण त्या चालीच्या गरजेप्रमाणे नव्याने केली होती. म्हणजे प्रश्न फितीचा किंवा विजेचा नसून, ध्वनी त्या रचनेसाठी जन्माला आला की तयार मालाच्या कोठारातून उचलून आणला, याचा आहे.

आज असा तयार माल मुबलक व स्वस्त झाला असल्यामुळे, विद्युत्-संगीताच्या या अफाट बाजारात कल्पक रचना ओळखावी कशी, असा प्रश्न वाचक वारंवार विचारतात. माझी कसोटी साधी आहे : ऐकलेली रचना मनातल्या मनात पेटीवर वाजवून पाहावी. चाल सुटी होऊन पेटीवर जशीच्या तशी बसली आणि मागे काहीच उरले नाही, तर विद्युत्-यंत्राने तेथे केवळ हमाली केली असे समजावे. पण चाल पेटीवर येऊनही रचना मात्र जागच्या जागीच राहिली, तर तेथे कल्पनाशक्तीने काम केले आहे. या कसोटीला उलटी बाजूही आहे. नुसता विचित्र आवाज म्हणजे कल्पकता नव्हे. त्या काळच्या कितीतरी फिती आज ऐकल्या असता नवलाईचा पहिला भर ओसरताच रिकाम्या वाटतात, कारण त्यांतील ध्वनींना कोठून कोठे जावयाचे आहे याचा पत्ताच त्यांच्या कर्त्यांना नव्हता. म्हणून ऐकताना प्रत्येक ध्वनीचा उगम, त्याची स्थिती आणि त्याचा लय या तीन अवस्थांकडे लक्ष द्यावे. प्रथम १९६३ ची ‘डॉक्टर हू’ची मूळ आवृत्ती, मग ‘ब्लू व्हेल्स’, आणि मग ओरॅमबाईंची १९६० ची ‘फोर आस्पेक्ट्स’, असा क्रम ठेवल्यास कान आपोआप तयार होत जातो.

पुढील आठवड्यात आपणांस अहमदाबादेस जावयाचे आहे. तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसवून दिला आणि भारतीय मंडळींनी त्यावर स्वतःचे प्रयोग आरंभिले. ज्यांच्या कानांत तंबोरा आधीपासूनच होता, त्यांनी त्या यंत्राकडून काय काढून घेतले, ते वर दिलेल्या कसोटीवरच पारखून पाहू.